सहा ठोक्यांचा फरक

उकंडराव देशमुखांनी फारशी घासाघीस न करता होकार दिला, तेव्हाच अनुसूयेला भीती वाटायला हवी होती. त्या दिवशी मात्र तिला हायसं वाटलं. भीती आठवड्यानं आली, आणि आली ती बिऱ्हाड घेऊनच आली.

खैरमाळचा शंकरपट दर माघात भरायचा. तुरी निघाल्या की सेनगावच्या बाजूच्या त्या उघड्या माळावर दोन फर्लांगांची सरळ वाट नांगरून, दगड वेचून मऊ करत. तिच्यावर बैलजोड्या पळायच्या. जोडी एकेकटीच सुटे, म्हणून कोण पुढे नि कोण मागे हे डोळ्यांना कळायचं नाही. ते घडी सांगायची. हलक्या गाड्या हाकणाऱ्यांना धुरकरी म्हणत. नामांकित धुरकऱ्यांना मोठे जमीनदार सालावर ठेवत, आणि पटात दोनदा मागं पडलेल्या धुरकऱ्याला तिसऱ्या वर्षी कुणी विचारत नसे. घडीच्या काट्यावर अशी कितीतरी पोटं होती.

ती घडी अकरा वर्षं बंडोपंतांच्या हातात होती. बंडोपंत हिंगोलीच्या तहसिलीतले कारकून, अनुसूयेचे चुलते. यंदा पौषात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. पटाचे सरपंच तातेराव घडी न्यायला आले, तेव्हा पंत खाटेवर उशीला टेकून बसले होते.

"घडी द्या, पंत," तातेराव म्हणाले. "माणूस आमी पाहू."

"कोणता माणूस?" पंतांची जीभ जड झाली होती, पण डोकं होतं तसंच होतं. "तुमच्याकडचा प्रत्येक जण एक तर देशमुखांचा, नाहीतर व्यंकटराव वकिलांचा. घडी देईन. पण माझ्या माणसाच्या हाती. अनुसूया जाईल."

तातेरावांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मग पंतांकडे. "तुमी आराम करा, पंत. तब्येत ठीक न्हाई तुमची."

"दवाखान्यात रोज साठ माणसांची नाडी मोजते ती. तुमच्या पंचांपैकी एकाला तरी अर्धं मिनिट न बोलता बसता येतं का, ते सांगा."

तातेरावांना हसू आलं, आणि तिथंच ते अर्धे वळले. अनुसूया अठ्ठावीस वर्षांची होती. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हा पंतांनीच तिला हैदराबादेला नर्सिंग शिकायला धाडलं होतं आणि गल्लीचं बोलणं दोन वर्षं एकट्यानं ऐकून घेतलं होतं. आता ते तिच्या वतीनं पुन्हा भांडत होते, आणि तिला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर म्हणायचंही नव्हतं.

दोन्ही बाजूंनी होकार आला. व्यंकटराव म्हणाले, बाई शिकलेली आहे, आपल्यातली आहे. उकंडराव काय म्हणाले ते तातेरावांनी तिला गंमत म्हणून सांगितलं: "बाई तर बाई. बसू द्या. बाईमाणसाला नुसते डोळे मोठे केले तरी भागतं."

पटाच्या आदल्या दिवशी दुपारी ती खैरमाळला पोचली. सोबत दवाखान्यातली आया शालूबाई होती. वाटेच्या शेवटी दीड पुरुष उंचीचं बांबूचं मचाण बांधलं होतं आणि त्याच्या समोर जमिनीवर चुन्याची जाड रेघ मारली होती. बैलांची पावलं त्या रेघेवर पडली की घडी थांबवायची. दुसऱ्या टोकाला, दोन फर्लांगांवर, भीमसिंग नावाचा म्हातारा शिपाई ठासणीच्या बंदुकीचा कोरा बार काढून जोडी सोडायचा.

घडी साधी होती. बटण एकदा दाबलं की काटा चालू, दुसऱ्यांदा दाबलं की बंद, तिसऱ्यांदा परत शून्यावर. एका सेकंदाचे पाच ठोके. निघताना पंतांनी तिला तीन वेळा बजावलं होतं, "नजर रेघेवर, कान बाराकडे. बार ऐकलास की दाब. मान वळवायची नाही. मान वळली की लक्ष वळतं."

त्या दुपारी भीमसिंगानं दारू कोरडी आहे का ते पाहायला एक बार काढला. अनुसूया सहज तिकडे पाहत होती. बंदुकीच्या तोंडाशी पांढऱ्या धुराचा गोळा फुलला. आवाज नाही. मग धूर पसरायला लागल्यावर, चांगल्या सावकाशीनं, बार कानावर आला.

तिला हे माहीत होतं. वीज आधी, गडगडाट नंतर, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण अंगठ्याखाली घडी धरून तिनं ते कधी पाहिलं नव्हतं. तिनं भीमसिंगाला हात करून आणखी एक बार काढायला लावला. धूर दिसला तेव्हा दाबलं, आवाज आला तेव्हा दाबलं. सहा ठोके. म्हणजे एका सेकंदाहून जास्त.

अकरा वर्षं काकांनी प्रत्येक जोडीला सहा ठोके फुकट दिले होते, आणि या कानाचं त्या कानाला कळलं नव्हतं. तिनं थोडा विचार केला. सगळ्यांना सारखेच दिले, म्हणजे अन्याय कुणावरच झाला नाही. एकाला आवाजावर आणि दुसऱ्याला धुरावर मोजलं तरच घोटाळा. तेव्हा आपणही काकांसारखंच आवाजावर मोजायचं. पहिल्याच वर्षी नव्या रीती नकोत. हा हिशेब मनात जुळला तेव्हा तिला एवढा आनंद झाला की मचाणाखाली कुणी येऊन उभं राहिल्याचं कळलंच नाही.

"नर्सबाई, तकलीफ तर न्हाई ना काही?"

उकंडराव एकटेच होते. पांढरा पटका, हातात काठी नाही, चेहरा हसरा.

"नाही. सगळं ठीक आहे."

"पानी-बिनी लागलं तर सांगा. लाजू नगा." त्यांनी बांबूला हात लावून मचाण हलतंय का पाहिलं. ते थोडं हललं. "बंडोपंतांना आमी लई मानतो. उजवा हात गेला म्हणं त्यांचा?"

"हो."

"अरारा. मंग तुमी इकडं असल्यावर दाराला आतून कडी कोन लावतं?"

अनुसूयेनं घडी पदराआड घेतली.

"उद्या आमची जोडी पंधरावी हाय," उकंडराव म्हणाले. "पंधरा. ध्यानात ठेवा." आणि आले तसे चालत गेले. ना शिवी दिली, ना आवाज चढवला.

शालूबाई मचाणाच्या सावलीत सुपारी कातरत होती. ती हळूच म्हणाली, "किती गोड बोलून राहिला मेला. पर माझ्या अंगावर काटा आला, पाहा. परत जायचं का, बाई?"

"गेलो तर लोक हसतील."

"हसू द्या की. हसन्यानं काय अंगाला भोकं पडतात?"

अनुसूयेनं हिंगोलीच्या वाटेकडे पाहिलं. घर सहा कोसांवर होतं. शेजारच्या गंगूताई दिवसभर काकांपाशी बसणार होत्या. पण त्या साठीच्या, आणि त्यांनी लावलेली कडी किती टिकणार.

सकाळी माळ माणसांनी फुलला. बायका दूर उभ्या केलेल्या गाड्यांमध्ये, पुरुष वाटेच्या दोन्ही अंगांना. अनुसूया शिडी चढून मचाणावर गेली तेव्हा शिट्ट्या सुरू झाल्या.

"ए, बैलांची नाडी पाहायला आली का रं नर्स?"

"जपून पळा रं, सुई टोचंल!"

तातेराव वही घेऊन तिच्या शेजारी बसले होते. ते खाली पाहून ओरडले, "हसन्याला मना न्हाई. पर जोडी सुटल्याव जो तोंड उघडंल त्याला माळाभाईर काढीन."

पहिल्या जोडीला तिचा अंगठा घामानं निसटेल की काय असं वाटलं. तिनं तो पदराला पुसला, नजर रेघेवर रोवली आणि वाट पाहिली. बार आला, अंगठा आपोआप खाली गेला. मग जमिनीतून चढत येणारी धडधड, धुरळा, घुंगरांचा कल्लोळ, आणि पांढऱ्या रेघेवर पडलेला काळा खूर. "एकोणचाळीस, दोन ठोके," ती म्हणाली. तातेरावांनी लिहून घेतलं आणि मोठ्यानं पुकारलं.

चौथ्या-पाचव्या जोडीनंतर शिट्ट्या थांबल्या. आठवी जोडी व्यंकटराव वकिलांची होती. धुरकरी थावरा. पन्नाशीकडे झुकलेला, दोरखंडासारखा वाळका माणूस. गेल्या वर्षी तो मागं पडला होता आणि यंदा पडला तर वकील त्याला ठेवणार नव्हते, हे माळावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. थावरा गाडीवर उभा राहून आला. "सदतीस, एक ठोका." माळ गरजला. तोवरच्या कुठल्याही जोडीहून ते सेकंदभरानं सरस होतं. थावरानं बैलांच्या पाठीवर हात फिरवले आणि मचाणाकडे बघून एकदा मान हलवली. एवढंच.

मग पंधरावी.

उकंडरावांची जोडी दूर सुरुवातीला जाऊन उभी राहिली. स्वतः उकंडराव मात्र जोडीपाशी थांबले नाहीत. ते सावकाश चालत वाटेच्या या टोकाला आले आणि चुन्याच्या रेघेला लागून, अगदी लागून, उभे राहिले. पाठ बैलांकडे, तोंड मचाणाकडे. आपली जोडी पळताना जो माणूस तिच्याकडे पाहत नाही, तो काय पाहतोय हे सांगावं लागत नाही.

अनुसूयेची नजर रेघेवर होती, आणि रेघेच्या कडेला तो पांढरा पटका होता, त्याखाली ते दोन डोळे. तिला दाराची कडी दिसली. काकांचा लुळा हात दिसला. क्षणभरच, पण तिला तिकडं पाहवेना. तिनं मान उचलली आणि लांब, वाटेच्या पलीकडच्या टोकाकडे पाहिलं.

तिथं धुराचा पांढरा गोळा फुलला. अंगठा खाली गेला.

काटा धावायला लागला, आणि बार अजून आला नव्हता. तो आला तेव्हा काटा सहा ठोके पुढे गेलेला होता. आता काही करता येत नव्हतं. पुन्हा दाबलं तर काटा थांबणार, तिसऱ्यांदा दाबलं तर शून्यावर जाणार, आणि बैल तर निघालेले. जोडी पोचेपर्यंत तिनं ती धडधड ऐकली आणि आपण काय केलंय ते पुरतं समजून घेतलं. खूर रेघेवर पडला, तिनं दाबलं.

"किती?" तातेरावांनी विचारलं.

तिला सांगायचं होतं की थांबा, हे लिहू नका. पण डोळ्यांनी तबकडीवर जे दिसलं तेच तोंडातून बाहेर पडलं. "अडतीस. वर ठोका नाही."

तातेरावांनी पुकारलं आणि माळावर असा काही हलकल्लोळ झाला की गाड्यांचे बैल बुजले. उकंडरावांची जोडी हरली! वकिलाच्या थावरानं देशमुखांना खाली घातलं! पटके उडाले. बायकांच्या गाड्यांकडून कुणीतरी किंचाळून म्हणालं, "वाघीण हाय गं बाई! देशमुखासमोर आकडा सांगितला!"

उकंडराव हलले नाहीत. त्यांचं हसू तेवढं पुसलं गेलं. त्यांच्याकडची सात-आठ माणसं गर्दीतून वाट काढत मचाणाखाली येऊन उभी राहिली. त्यांच्या हातात काठ्या होत्या.

"घडी दाखवा," उकंडराव म्हणाले.

तातेराव उठून उभे राहिले. "पंचांच्या परवानगीबिगर मचानाव कोनी चढायचं न्हाई, देशमुख."

"चढत न्हाई. आमी खालूनच पाहू. बाई, वकील तुमच्यातलाच, न्हाई का?"

तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं व्यंकटराव शिडीपाशी आले होते. टोपी, काळा कोट, आवाज खालच्या पट्टीतला. "घाबरू नका, अनुसूयाबाई. माझी तीस माणसं इथं आहेत. तुम्ही आकडा सांगितलात, वहीत लिहिला गेला, संपलं. सबंध तालुका आज तुमचं नाव घेतोय. बाई असून डगमगली नाही म्हणतोय."

अनुसूया मचाणावर गुडघे जवळ घेऊन बसली होती. घडी अडतीसवर थांबलेली. हातपाय गार पडले होते, आणि दवाखान्याच्या सवयीनं तिला कळत होतं की हे लक्षण कशाचं आहे. पण ही भीती एका जातीची नव्हती. अडतीसमधून सहा ठोके गेले की उरतात छत्तीस सेकंद आणि चार ठोके. थावराचे सदतीस आणि एक. म्हणजे उकंडराव जिंकले होते. हे आत्ता बोललं, तर काठ्या पाहून बाईनं आकडा फिरवला असं लोक म्हणणार. काकांचं नाव जाणार, पुन्हा कुठल्या बाईला कुणी मचाणावर चढू देणार नाही. आणि नाही बोललं, तर ती वाघीण. आयुष्यभर.

गप्प बसायला सगळी कारणं होती. धाडसी म्हणवून घ्यायला आज फक्त खोटं बोलावं लागत होतं.

तिनं खाली गर्दीत थावराला शोधलं. तो बैलांपाशी बसून त्यांच्या खुरांतली माती काढत होता. त्याला वाटत होतं की तो जिंकलाय.

"तातेराव," ती म्हणाली, "थावराला वर बोलवा."

"काहून?"

"बोलवा आधी. आणि भीमसिंगांना सांगा, तीन बार काढायला. मी हात वर केला की एक. जोडी सोडायची नाही."

थावरा शिडी चढून आला. त्याच्या अंगाला बैलाच्या घामाचा वास येत होता. तिनं घडी त्याच्या हातात दिली. ज्याचं जाणार, त्याच्याच हातानं ते मोजलं जावं, एवढंच तिला त्या क्षणी सुचलं होतं. बटण कसं दाबायचं ते तिनं दाखवलं. "धूर दिसला की दाबा. बार ऐकला की परत दाबा."

"दोनी एकदमच होतंय की," थावरा म्हणाला.

"बघा तर."

तिनं हात वर केला. धूर फुलला. थावराचा जाडजूड अंगठा खाली गेला, आणि मग त्याचा चेहरा बदलला, कारण बार येईना. आला. त्यानं दाबलं आणि तबकडीकडे पाहत राहिला. तातेराव वाकले. "सहा."

दुसऱ्या वेळी सहा. तिसऱ्या वेळी पाच. तोवर खालची माणसंही टाचा उंचावून लांब पाहायला लागली होती आणि धुरामागून बार आला की "आत्ता आला, आत्ता!" असं एकमेकांना सांगत होती. जन्मभर ज्यांनी हे बार ऐकले, त्यांना आज पहिल्यांदा त्यातली फट दिसत होती.

अनुसूया उभी राहिली.

"आजच्या चौदा जोड्या मी आवाजावर मोजल्या," ती म्हणाली. मागच्यांना ऐकू जावं म्हणून तिनं पुन्हा सुरुवात केली. "चौदा जोड्या आवाजावर. पंधरावी धुरावर मोजली गेली. चूक माझी. काटा आधी सुटला. कमीत कमी पाच ठोके, बहुतेक सहा. पाचच धरले तरी देशमुखांच्या जोडीचे सदतीस पुरे होतात. थावराचे सदतीस आणि एक. देशमुखांची जोडी पुढं आहे."

आधी कुणाला समजलं नाही. मग समजलं, आणि व्यंकटरावांच्या बाजूनं एकच गलका उठला.

"भेली! काठ्या पाहून भेली!"

"म्हनूनच बाईला बसवू नये म्हनत व्हतो!"

एक ढेकूळ येऊन मचाणाच्या बांबूवर फुटलं. शालूबाई खालून गरजली, "कोन रं तो? ये की फुडं, तुझी नाडी मी पाहते!" व्यंकटरावांनी टोपी नीट केली, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. वाघीण म्हणणाऱ्या गाड्यांकडून आता काहीच ऐकू येत नव्हतं.

उकंडरावांनी दोन्ही हात वर करून लोकांना शांत केलं. हसू परत आलं होतं. "हे पाहा मंडळी. बाईला दोष देऊ नगा. आमी निसते उभे राहिलो, तर तिची चूक तिलाच दिसली. आमी काही बोललो का? आं? डोळे मोठे केले, बस."

त्यांची माणसं हसली. मग इतरही. हसू पसरत पसरत मचाणापर्यंत आलं आणि अनुसूयेला ते अंगावर पडल्यासारखं वाटलं. इथंच तिनं गप्प बसायचं होतं. सगळं मिटलं होतं, कडी शाबूत होती. पण तिला चूक कशी झाली हे सांगायचं राहिलं होतं, आणि अर्धी नोंद तिला कधीच ठेवता आली नव्हती.

"भेले मी," ती म्हणाली. "खरं आहे. काल दुपारी तुम्ही इथं आलात, माझ्या काकांच्या दाराला आतून कडी कोण लावतं ते विचारलंत. आज तुम्ही रेघेपाशी येऊन उभे राहिलात. मला रेघेकडं पाहवेना, म्हणून लांब पाहिलं, आणि धूर दिसला. तुम्ही तुमच्या बैलांपाशी उभे असता, तर तुमची जोडी पहिल्याच आकड्याला जिंकली असती."

आधी सगळ्यांच्या माना उकंडरावांकडे वळल्या. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. दुसरा हसला. तातेरावांनी वही तोंडासमोर धरली. देशमुखांनी स्वतःच्याच जोडीला पाडलं होतं, आणि ते चारचौघांत मोजून दाखवलं गेलं होतं.

उकंडराव हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी फक्त अनुसूयेकडे बराच वेळ पाहिलं, चेहरा पाठ करून ठेवावा तसं. जिंकलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. तिला वाटलं, आपण हे काय बोलून बसलो. शब्द परत घेता येत असते, तर तिनं त्याच क्षणी घेतले असते.

"पंच हो," कुणीतरी ओरडलं, "उरलेल्या दोन जोड्या कोन मोजनार? का निस्त्या हसन्याव सोडता?"

तातेराव घुटमळले. त्यांनी घडीकडे पाहिलं. ती अजून थावराच्या हातात होती. थावराचा चेहरा मातीसारखा झाला होता. मघाशी जिंकलेलं साल त्यानं स्वतःच्या अंगठ्यानं घालवलं होतं. त्यानं घडी उलटसुलट करून पाहिली, जणू अजून कुठून एखादा ठोका निघतोय का. मग ती अनुसूयेपुढे धरली.

"माझं गेलं ते गेलं," तो म्हणाला. बोलण्यात माया नव्हती, उपकारही नव्हते. "पर सोळावा धुरकरी माझ्या भावाचा पोरगा हाय. ह्या दोन जोड्या धुराव धरनार का आवाजाव, ते आधी सांगा. समद्यांला ऐकू जाईल असं सांगा."

सगळा माळ तिच्याकडे पाहत होता. उत्तर सोपं होतं, म्हणूनच ती ते देऊ शकली.

"आवाजावर. बाकी सगळ्यांचं जसं झालं तसं," ती मोठ्यानं म्हणाली. "पुढच्या पटापासून धुरावर. सगळ्यांना."

बोलून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण पुढच्या पटाचं बोललो. ती थांबली. कुणीतरी नाही म्हणेल म्हणून वाट पाहिली. तातेरावांनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि वहीत लिहिलं: पुढील सालापासून धुरावर. व्यंकटराव पाठमोरेच उभे होते.

थावरा शिडी उतरला. सोळावी जोडी लांबवर उभी राहिली. तातेरावांनी हुकूम सोडला, रेघेच्या दोन्ही बाजूंना दहा पावलं कुणी उभं राहायचं नाही. माणसं मागं सरली. उकंडरावही सरले, पण ते आपल्या जोडीकडे न जाता मचाणाच्या मागच्या अंगाला गेले, जिथं शिडी होती.

अनुसूया खाली बसली. घडी शून्यावर आणली, अंगठा पुसला. नजर रेघेवर ठेवायची म्हणजे मागं कोण आहे ते पाहता येणार नव्हतं. रेघ मोकळी होती, पांढरी, मध्ये खुरांनी तुटलेली. सहा कोसांवर काका खाटेवर पडले असतील. संध्याकाळच्या आत तिथं पोचायचं, तर वाट देशमुखांच्या शेतातून जाते.

पाठीमागं शिडीचा बांबू करकरला. एकदा. मग पुन्हा.

तिनं मान वळवली नाही. बार ऐकू येईपर्यंत ती तशीच बसून राहिली, आणि आला तेव्हा दाबलं.